फोनोग्राफचा पंचनामा

समजा, सुट्टीचा दिवस आहे आणि तुम्ही बाबांबरोबर मुंबईच्या चोरबाजारात फिरताय. जुन्या घड्याळांच्या, कंदिलांच्या, पितळी भांड्यांच्या गर्दीत एका दुकानात दिसतो चकचकीत पिवळाधमक कर्णा. खाली लाकडी पेटी, बाजूला चावी मारायचं हँडल. दुकानदार फडकं मारत म्हणतो, "एकदम ओरिजिनल पीस है साब, सौ साल पुराना!"

बाबा तुमच्याकडे बघतात, तुम्ही बाबांकडे. आता ओळखायचं कसं, खरंच शंभर वर्षांचं आहे की गेल्या वर्षी कुणीतरी जुळवून ठेवलंय?

दोस्तांनो, आज आपण हेच शिकणार आहोत. पण बाजारात सर्रास दिसणारा तबकडीचा ग्रामोफोन आज बाजूला ठेवू. आपण जाऊ त्याच्या थोरल्या भावाकडे, म्हणजे नळकांड्यावर वाजणाऱ्या फोनोग्राफकडे. हे यंत्र आपल्याकडे क्वचितच बघायला मिळतं. पण अमेरिकेत आणि युरोपात ते लाखो घरांत होतं. त्याचे इतके प्रकार निघाले आणि त्यात इतके फेरबदल झाले, की एकेक यंत्र तपासायचं म्हणजे थेट गुप्तहेराचं काम. चला तर मग, भिंग घ्या, पट्टी घ्या, वही-पेन्सिल घ्या. करू या पंचनामा!

आधी थोडी ओळख

१८७७ साली अमेरिकेतल्या मेन्लो पार्क इथे थॉमस अल्वा एडिसनने पहिला फोनोग्राफ बनवला. आराखडा एडिसनचा आणि यंत्र घडवणारा त्याचा कारागीर जॉन क्रूसी. पितळी दंडगोलावर कथलाचा पातळ पत्रा गुंडाळायचा, हँडल फिरवायचं आणि भोंग्यात बोलायचं. आवाजाने पडदा थरथरे, पडद्याला लावलेली सुई पत्र्यावर खाली-वर दाबे आणि आवाजाची खाच तयार होई. तीच सुई पुन्हा त्या खाचेवरून नेली, की आवाज परत! एडिसनने त्यात म्हटलं होतं मेरी आणि तिच्या कोकराचं बालगीत.

पण पत्र्यावरचा आवाज चार-सहा वेळा वाजवला की संपलाच. मग चिचेस्टर बेल आणि चार्ल्स टेन्टर या दोघांनी पत्र्याऐवजी मेण वापरलं. त्यांच्या यंत्राचं नाव ग्राफोफोन, पेटंट १८८६चं. ते पाहून एडिसनही पुन्हा कामाला लागला आणि १८८८मध्ये त्याने मेणाच्या नळकांड्याचा सुधारलेला फोनोग्राफ आणला.

इथे तुम्हाला पहिली खूण मिळाली. यंत्रावर 'फोनोग्राफ' लिहिलेलं असेल तर बहुधा ते एडिसनच्या घराण्यातलं आणि 'ग्राफोफोन' असेल तर त्याच्या प्रतिस्पर्ध्याचं, म्हणजे कोलंबिया कंपनीचं. कोलंबियाच्या एका स्वस्त यंत्राचं नाव होतं 'ईगल', म्हणजे गरुड. का माहीत आहे? त्याची किंमत दहा डॉलर आणि अमेरिकेतल्या दहा डॉलरच्या सोन्याच्या नाण्याला लोक 'ईगल' म्हणत! फ्रान्सचे पॅथे बंधूही या धंद्यात होते. त्यांची खूण होती कोंबडा.

एडिसनच्या यंत्रांचीही नावं होती. 'होम' आलं १८९६मध्ये, 'स्टँडर्ड' १८९८मध्ये आणि अगदी छोटं 'जेम' १८९९मध्ये. 'स्टँडर्ड'ची किंमत होती वीस डॉलर. आजचा पंचनामा आपण याच 'स्टँडर्ड'चा करू, कारण ते खूप खपलं आणि त्याच्यात बदलही खूप झाले.

नळकांड्याचं गणित

यंत्र तपासण्याआधी त्यावर काय वाजायचं ते कळायला हवं, नाहीतर पुढच्या खुणा समजणार नाहीत.

नेहमीचं नळकांडं सव्वाचार इंच लांब आणि साधारण सव्वादोन इंच जाडीचं. त्याच्या अंगावर स्क्रूच्या आट्यांसारखी एकच लांबच लांब खाच. इंचभर लांबीत या खाचेचे १०० वेढे. नळकांडं मिनिटाला १६० वेळा फिरतं. मग दोन मिनिटांच्या गाण्याला वेढे लागले किती? ३२०. म्हणजे जागा लागली ३.२ इंच. बरोबर बसलं की नाही? एका वेढ्याची लांबी जवळजवळ सात इंच. ३२० वेढे सरळ उलगडले, तर सुमारे १८० फूट! दोन मिनिटांच्या गाण्यासाठी सुई एवढी धावते.

पण गाणं दोनच मिनिटांचं? तोवर बाजारात तबकड्या आल्या होत्या आणि त्यांच्यावर जास्त वेळाची गाणी मिळू लागली होती. म्हणून १९०८मध्ये एडिसनने युक्ती केली. नळकांडं तेवढंच ठेवलं, पण इंचात १००ऐवजी २०० वेढे बसवले. झालं चार मिनिटांचं गाणं! या नळकांड्यांना 'अँबेरॉल' म्हणत.

रंगावरूनही काळ ओळखता येतो. तपकिरी मेणाचं नळकांडं बहुधा १९०२च्या आधीचं. तेव्हा साच्यातून प्रती काढायची सोय नव्हती. गायकाला तेच गाणं पुन्हा पुन्हा गावं लागे, किंवा एका नळकांड्यावरून दुसऱ्यावर नक्कल कोरावी लागे. १९०२पासून साच्यातली काळी नळकांडी आली. आणि १९१२पासून सुंदर निळी, 'ब्लू अँबेरॉल'. ती मेणाची नव्हती, सेल्युलॉइडची होती आणि आतून प्लास्टर भरलेलं.

आता पट्टी आणि भिंग घ्या. एका मिलिमीटरमध्ये साधारण चार खाचा दिसल्या तर नळकांडं दोन मिनिटांचं, आठ दिसल्या तर चार मिनिटांचं. मेणाला बोट मात्र लावायचं नाही हं!

खूण पहिली : नावाची पट्टी

आता समजा, टेबलावर एक 'स्टँडर्ड' ठेवलंय. झाकण उघडल्यावर आधी शोधायची ती यंत्रावरची धातूची छोटी पट्टी. तिच्यावर यंत्राचं नाव, मॉडेलचं अक्षर, क्रमांक आणि पेटंटच्या तारखांची यादी असते.

इथे बरीच मोठी माणसंसुद्धा फसतात. यादीतली पहिली तारीख बघतात आणि म्हणतात, "अरे वा, अठराशे अठ्ठ्याऐंशीचं यंत्र!" चूक! पेटंटची तारीख म्हणजे यंत्राचा वाढदिवस नव्हे. यादीतली शेवटची तारीख बघायची. ती सांगते, की यंत्र या तारखेच्या आधीचं नक्कीच नाही. नंतर किती वर्षांनी बनलं, ते मात्र ती सांगत नाही. तुमच्या खिशात २०१०चं नाणं सापडलं, तर तो खिसा २०१०च्या आधी भरला नव्हता एवढंच ठरतं ना? अगदी तसंच.

आपल्या पट्टीवर अक्षर आहे 'बी'. 'स्टँडर्ड'चं मॉडेल बी सुमारे १९०५ ते १९०८ या काळातलं. वहीत लिहून घ्या.

क्रमांक घासून काढलेला दिसला किंवा पट्टीच्या खिळ्यांभोवती ताजे ओरखडे दिसले, तर भुवया उंचवा. पट्टी दुसऱ्याच यंत्राची असू शकते. मग पट्टीवर विसंबायचं नाही, यंत्राच्या अंगाला विचारायचं.

खूण दुसरी : फाटक आहे का?

ज्या निमुळत्या, चकचकीत दंडगोलावर नळकांडं चढवतात, त्याचं मोकळं टोक बघा. जुन्या मॉडेल एमध्ये या टोकाला आधार देणारा छोटा हात असतो. तो फाटकासारखा उघडायचा, नळकांडं सरकवायचं आणि पुन्हा बंद करायचा. मॉडेल बीपासून हे फाटक काढून टाकलं.

आपल्या यंत्राला फाटक नाही. पट्टी म्हणते 'बी', अंगही म्हणतं 'बी'. दोन साक्षीदारांचं एकमत! पट्टीवर 'बी' आणि टोकाला फाटक असं दिसलं असतं, तर दोघांपैकी एक जण खोटं बोलत होता हे कळलं असतं.

खूण तिसरी : आवाजाचा डबा

नळकांड्यावर टेकणारा गोल डबा म्हणजे रिप्रोड्यूसर. यंत्राचं सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात जास्त वेळा बदललं गेलेलं अंग हेच. त्यात एक पातळ पडदा असतो, कधी काचेचा, कधी अभ्रकाचा, कधी धातूचा. खाली छोट्या दांडीच्या टोकाला असते सुई. सुई म्हणजे टोकदार लोखंडी सुई नव्हे, बरं का! ते असतं गुळगुळीत घासलेलं नीलमण्याचं इवलंसं टोक.

डब्याच्या अंगावर कोरलेलं अक्षर वाचा.

'बी' किंवा 'सी' असेल, तर तो दोन मिनिटांच्या नळकांड्यांसाठी. 'एच' असेल, तर चार मिनिटांच्या. 'के' असेल, तर त्यात दोन टोकं असतात. डब्याचा भाग फिरवून हवं ते खाली आणायचं. 'डायमंड' लिहिलं असेल, तर टोक हिऱ्याचं आणि डबा फक्त निळ्या सेल्युलॉइडच्या नळकांड्यांसाठी.

आता लक्ष द्या, कारण इथे चूक झाली तर भरून निघत नाही. 'सी' आणि 'एच' हे डबे वरून जवळजवळ सारखे दिसतात. पण 'सी'चं टोक जाड. ते चार मिनिटांच्या बारीक खाचेत बसतच नाही, वरून घासत जातं आणि खाच खराब करतं. हिऱ्याचा जड डबा मऊ मेणावर ठेवला, तर तो मेण नांगरूनच काढतो. चूक करणाऱ्याला वाटतं, यंत्र बिघडलंय, म्हणून आवाज फाटतोय. प्रत्यक्षात एक आवाज कायमचा मरत असतो.

कायमचा का? कारण 'स्टँडर्ड'सारख्या यंत्रावर घरी आवाज भरताही येई! त्यासाठी वेगळा डबा मिळे, तो वाजवत नसे, कोरत असे. कोरं नळकांडं लावायचं आणि बाळाचं हसणं, आजीचं गाणं, बाबांचं भाषण भरून ठेवायचं. कंटाळा आला तर मेणाचा वरचा थर तासून पुन्हा नवं भरायचं. तबकडीच्या ग्रामोफोनला हे जमत नव्हतं. अशा घरगुती नळकांड्याची दुसरी प्रत जगात कुठेही नसते. १८९०मध्ये अमेरिकेत जे. वॉल्टर फ्यूक्स या अभ्यासकाने पासामाक्वोडी या आदिवासींची गाणी आणि कथा अशाच मेणावर भरल्या. शास्त्रज्ञांनी प्रत्यक्ष लोकांमध्ये जाऊन केलेल्या ध्वनिमुद्रणाची सुरुवात तिथून झाली असं मानतात. समजा, कुणी ती नळकांडी चुकीच्या डब्याखाली घातली असती तर?

म्हणून, मित्रांनो, अस्सल भाग ओळखणं हा केवळ पैशाचा प्रश्न नाही.

आपल्या टेबलावरच्या डब्यावर अक्षर आहे 'के'. थांबा! 'के' तर दोन आणि चार मिनिटांसाठी. पण चार मिनिटांचं नळकांडं आलंच १९०८मध्ये आणि यंत्र आहे त्याआधीच्या मॉडेलचं. मग सापडली का बनवाबनवी?

खूण चौथी : गिअरची छोटी दांडी

घाई करू नका. गुप्तहेर एका पुराव्यावर निकाल देत नाही. दंडगोलाच्या बाजूला बघा. तिथे एक छोटी कळ आहे आणि तिच्यावर आकडे आहेत २ आणि ४.

डबा नळकांड्यावरून सरकतो तो एका आट्यांच्या दांडीमुळे. नळकांड्याच्या एका फेऱ्यात डबा खाचेच्या एका वेढ्याएवढा पुढे जायला हवा. चार मिनिटांच्या नळकांड्यात वेढे दुप्पट दाट, म्हणून डबा निम्म्या वेगाने सरकायला हवा. त्यासाठी जास्तीचे गिअर लागतात. कळ २वर ठेवली की नेहमीचा वेग, ४वर ठेवली की निम्मा.

१९०८मध्ये चार मिनिटांची नळकांडी आली, तेव्हा लाखो लोकांकडे जुनी यंत्रं होती. ते काय नवीन यंत्र घेणार होते? मग एडिसनच्या कंपनीनेच जुन्या यंत्रांवर बसवायचे गिअर आणि नवा डबा असा जोडसंच विकायला काढला. आपल्या यंत्रावर तोच बसवलेला आहे.

म्हणजे बनवाबनवी नाही! एखाद्या कुटुंबाने १९०६ किंवा १९०७च्या सुमारास यंत्र घेतलं असेल. दोन वर्षांनी मुलांनी हट्ट धरला असेल, की शेजाऱ्यांकडे मोठी गाणी वाजतात, आपल्याकडे का नाही? मग त्यांनी जोडसंच आणला. हा माझा अंदाज हं, पण गिअर आणि डबा मात्र पुरावा आहेत. आता कुणी "मूळ मॉडेल बीला हे नव्हतं" म्हणून ते गिअर काढून फेकले, तर यंत्र जास्त अस्सल होईल का? उलट त्याच्या आयुष्यातलं एक पानच फाटेल.

खूण पाचवी : कर्णा

सुरुवातीच्या 'स्टँडर्ड'ला सरळ, छोटा कर्णा असे. जेमतेम चौदा इंचांचा. पुढे लोकांना मोठा आवाज हवासा वाटू लागला. मग धोतऱ्याच्या फुलासारखे पाकळ्या-पाकळ्यांचे मोठे कर्णे आले. १९०७पासून एडिसनची कंपनी स्वतःच तसे कर्णे यंत्राबरोबर देऊ लागली. ते जड, म्हणून त्यांना टांगायला पेटीपासून वर जाणारा वाकडा दांडा लागे. त्यानंतर दोन-तीन वर्षांत हंसाच्या मानेसारखा वर वळलेला कर्णा आला.

गंमत अशी, की फुलासारखे कर्णे दुसऱ्याही कंपन्या बनवत आणि त्या काळचे दुकानदार ते एडिसनच्या यंत्रांबरोबर विकत. त्यामुळे कर्ण्यावर एडिसनचं नाव नाही, म्हणून तो नकली असं म्हणता येत नाही. आपण सायकल घेतल्यावर घंटी आणि कॅरियर वेगळ्या कंपनीचं बसवतो ना, तसंच.

मग नवा कर्णा ओळखायचा कसा? आतून बघा. जुन्या रंगाला बारीक भेगा पडलेल्या असतात, सांध्यांवर झीज असते, पाकळ्यांच्या कडा हाताळून गुळगुळीत झालेल्या असतात. नव्याचा रंग आतबाहेर एकसारखा, आणि जिथे हात कधीच लागत नाही तिथेही मुद्दाम केलेले ओरखडे! पेटीवरची भोकं बघा. कर्ण्याच्या दांड्यासाठी पाडलेली भोकं आतून काळवंडलेली असतील, तर काम जुनं. आतलं लाकूड पांढरंफटक दिसलं, तर भोक कालपरवाचं.

खूण सहावी : स्क्रू आणि चकाकी

ही माझी सगळ्यात आवडती खूण, कारण तिला काही खर्च नाही. स्क्रूच्या डोक्याकडे बघा. एकच सरळ चीर आहे, की अधिकच्या चिन्हासारखी फुली आहे? फुलीचे स्क्रू बाजारात आले १९३०नंतरच्या दशकात. १९०७च्या पेटीवर फुलीचा स्क्रू दिसला, तर तो नंतर कुणीतरी बसवला, यात शंका नको. आपल्या यंत्राच्या पेटीचं उचलायचं हँडल अशाच स्क्रूंनी बसवलंय. म्हणजे हँडल कधीतरी तुटलं आणि नंतर दुरुस्त झालं.

तशीच गोष्ट चकाकीची. त्या काळच्या भागांवर निकेलचा मुलामा असे. निकेलची झळाळी किंचित पिवळसर, ऊबदार. क्रोमियमची झळाळी निळसर, आरशासारखी. क्रोमियमचा मुलामा बाजारात रुळला १९२०नंतरच्या दशकात. तेव्हा आरशासारखा लखलखता दंडगोल दिसला तर "वा, किती छान ठेवलंय" म्हणायच्या आधी दोनदा विचार करा.

पेटीवरची अक्षरंही बघा. सुरुवातीच्या पेट्यांवर फितीसारख्या नक्षीत यंत्राचं पूर्ण नाव असे, पुढे एडिसनची लफ्फेदार सही आली. अशी अक्षरं नव्याने छापूनही मिळतात. म्हणून सही नवीकोरी आणि भोवतालचं लाकूड झिजलेलं असेल, तर ती नंतर चिकटवलेली.

निकाल

आता वहीत चार रकाने आखा. प्रत्येक भाग कुठल्या तरी एका रकान्यात जाईल.

एक, कारखान्यातून आला तसाच. आपल्या यंत्रात पेटी, पट्टी, दंडगोल, आतली स्प्रिंग आणि मोटर.

दोन, त्या काळीच मालकाने बदललेला. आपल्याकडे २-४चे गिअर, 'के' डबा आणि बहुधा कर्णा.

तीन, जुनाच, पण दुसऱ्या यंत्रावरून काढून बसवलेला. आपल्याकडे तसं काही सापडलं नाही.

चार, अलीकडचा नवा. आपल्याकडे हँडल आणि त्याचे स्क्रू.

बघा, "ओरिजिनल आहे का?" या एका प्रश्नाचं उत्तर 'हो' किंवा 'नाही' असं नसतंच. आणि चौथ्या रकान्यातला भाग म्हणजे गुन्हा नव्हे. तुटलेलं हँडल बदलावंच लागतं. गुन्हा कधी होतो? नवा भाग जुना म्हणून विकला, तेव्हा.

आपल्याकडे काय होतं?

नळकांडी भारतातही आली होती. कलकत्त्याचे हेमेंद्रमोहन बोस केसांचं तेल आणि अत्तरं बनवत. 'कुंतलीन' तेल त्यांचंच. पण त्यांना या बोलक्या यंत्रांचंही वेड. १९०५-०६च्या सुमारास त्यांनी स्वतः मेणाच्या नळकांड्यांवर ध्वनिमुद्रण करून ती विकली. त्यांत खुद्द रवींद्रनाथ ठाकुरांचा आवाज होता! पुढे त्यांतल्या काही ध्वनिमुद्रणांच्या तबकड्या फ्रान्सच्या पॅथे कंपनीकडून काढून घेतल्या गेल्या. मेण मात्र आपल्या हवेत फार टिकलं नाही.

कारण पावसाळा! दमट हवेत मेणावर बुरशी येते आणि ती खाचाच खाऊन टाकते. निळ्या नळकांड्यांमधलं प्लास्टर ओलाव्याने फुगतं, मग नळकांडं दंडगोलावर चढतच नाही. जोर लावला की तडकतं.

शेवटी तबकडीपुढे नळकांडं हरलं. तबकडी ठेवायला सोपी, तिच्या दोन्ही बाजूंना गाणी. एडिसनने तरीही हट्टाने नळकांडी काढली आणि १९२९च्या ऑक्टोबरमध्ये ती बंद केली. पण गोष्ट तिथे संपली नाही. अमेरिकेतल्या सांता बार्बरा इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाने हजारो नळकांड्यांमधला आवाज संगणकावर उतरवून सर्वांसाठी मोफत खुला केलाय. घरच्यांच्या मदतीने इंटरनेटवर शोधा. खरखरीमागून शंभर वर्षांपूर्वीचं कुणीतरी तुमच्याशी बोलेल.

आईबाबांसाठी चौकट

घरात किंवा गावच्या वाड्यात असं एखादं जुनं यंत्र निघालं, तर एवढं पाळा :

• आधी पुसू नका, आधी फोटो काढा. सगळ्या बाजूंनी, झाकणाच्या आतूनही.

• पेटीला पॉलिशपेपर मारू नका, रंग देऊ नका. जुनी अक्षरं आणि नक्षी एकदा गेली की गेली.

• चावी जोराने पिळू नका. जुनी स्प्रिंग आत तुटली तर इजा होऊ शकते. मुलांना मोटर उघडू देऊ नका.

• खोबरेल किंवा गोडंतेल घालू नका. ते सुकून चिकट होतं आणि गिअर अडकवतं.

• नळकांडं बाहेरून धरायचं नाही. दोन बोटं आत घालून हलकेच ताणून उचलायचं. मेण पाण्याने धुवायचं नाही, उन्हात ठेवायचं नाही. थंडीतून एकदम उष्णतेत आणलं तरी ते तडकतं.

• डब्यावरचं अक्षर आणि नळकांड्याचा प्रकार जुळल्याची खात्री होईपर्यंत काहीही वाजवायचं नाही.

• दुरुस्ती करावीच लागली, तर काढलेला प्रत्येक जुना भाग पिशवीत घालून, चिठ्ठी लावून यंत्राबरोबर ठेवा. काय बदललं आणि कधी, ते कागदावर लिहून पेटीतच ठेवा.

आता तुमची पाळी

तुम्ही म्हणाल, "आमच्याकडे कुठला आलाय फोनोग्राफ?" नसू दे. आजीचं शिवणयंत्र असेल. आजोबांची सायकल असेल. भिंतीवरचं चावीचं घड्याळ असेल. या रविवारी त्यातलं एक निवडा आणि चार रकाने आखा. नावाची पट्टी शोधा. स्क्रूंची डोकी तपासा. कुठला रंग जुना, कुठला नवा ते बघा. मग ज्यांची ती वस्तू आहे, त्यांच्याशेजारी बसा आणि विचारा, "आजी, हे चाक मूळचं नाही ना? कधी बदललं?"

बघा, आजी आधी चकित होईल. मग हातातलं काम बाजूला ठेवील आणि सांगायला लागेल. तेव्हा वही उघडी ठेवा, आणि जमलं तर आजीचा आवाजही मोबाइलवर भरून ठेवा. त्याचीही दुसरी प्रत जगात कुठे नसते.